जबड्याच्या सांध्याचे दुखणे : कारणमीमांसा, निदान आणि उपचारांचे बदलते स्वरूप

सारांश

कानासमोरील जबड्याचा सांधा आणि तो हलविणारे स्नायू यांच्या विकारांमुळे तोंड उघडताना वेदना होणे, सांध्यात आवाज येणे, घास चावताना जबडा थकणे व क्वचित जबडा अडकणे अशा तक्रारी उद्भवतात. या विकारांचे कारण दीर्घकाळ दातांच्या ठेवणीत शोधले गेले आणि त्या समजुतीपोटी दात घासण्यापासून सांधा उघडण्यापर्यंतचे न उलटविता येणारे उपचार झाले. गेल्या सुमारे ५० वर्षांतील संशोधनाने ही समजूत मोडीत काढली आहे. प्रस्तुत लेखात सांध्याची रचना, विकारांचे प्रकार, कारणविचाराचा इतिहास, निदानातील दक्षता आणि उपचारांचा योग्य क्रम यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : जबड्याचा सांधा, चर्वणस्नायू, सांध्यातील चकती, दीर्घकालीन वेदना, पुराणमतवादी उपचार, मुखतंतुमयता.

१. प्रस्तावना

बोलणे, चावणे, गिळणे आणि जांभई देणे या क्रिया इतक्या सहज घडतात की त्यांमागे एक गुंतागुंतीचा सांधा कार्यरत आहे, याची जाणीव तो दुखू लागेपर्यंत होत नाही. मराठी भाषेने मात्र जबड्याच्या अवस्था बारकाईने टिपलेल्या आहेत. 'दातखीळ बसणे', 'दातओठ खाणे', 'झोपेत दात खाणे' या शब्दप्रयोगांत भीती, संताप आणि निद्रा यांचा जबड्याच्या स्नायूंशी असलेला संबंध लोकव्यवहाराने शास्त्राच्या आधीच ओळखलेला दिसतो.

या सांध्याला वैद्यकीय परिभाषेत टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट, संक्षेपाने टीएमजे, असे म्हणतात. त्याचे विकार मृत्यूस कारण होत नाहीत, म्हणून ते क्षुल्लक मानले जातात. परंतु ज्या व्यक्तीला घास चावता येत नाही, तासभर सलग बोलता येत नाही आणि कान, कानशील व मान यांतील दुखण्याचे कारण कोणी सांगत नाही, तिच्या दृष्टीने हा विकार क्षुल्लक नसतो. असा रुग्ण कानाच्या तज्ज्ञाकडून दंतवैद्याकडे, तेथून मेंदूविकारतज्ज्ञाकडे आणि अखेरीस 'तुम्हाला काही झालेले नाही' या निष्कर्षाकडे पाठविला जातो. दुसऱ्या बाजूला, घाईने केलेल्या अतिरेकी उपचारांनी कायमचे नुकसान झालेले रुग्णही आहेत. उपेक्षा आणि अतिरेक या दोन टोकांमधील मार्ग कोणता, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे

१) जबड्याच्या सांध्याची रचना व कार्य स्पष्ट करणे.
२) या सांध्याच्या विकारांविषयीच्या कारणविचारात झालेले बदल पाहणे.
३) निदान करताना वगळावयाच्या अन्य आजारांची नोंद घेणे.
४) उपलब्ध पुराव्यांच्या आधारे उपचारांचा क्रम मांडणे.

३. सांध्याची रचना व कार्य

खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या शाखा असतात. प्रत्येक शाखेचे गोलसर टोक कवटीच्या शंखास्थीतील खोलगट भागात बसते. या खळग्याच्या पुढे हाडाचा एक उंचवटा असतो. टोक आणि खळगा यांच्यामध्ये दाट तंतूंची, मध्यभागी पातळ व कडांना जाड अशी चकती असते. या चकतीमुळे सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे होतात.

तोंड उघडण्याच्या आरंभी जबड्याचे टोक खालच्या कप्प्यात बिजागरीसारखे फिरते. उघडण्याची पहिली सुमारे २० ते २५ मिलिमीटर हालचाल मुख्यत्वे अशी होते. त्यापुढे टोक आणि चकती मिळून उंचवट्याच्या उतारावरून पुढे सरकतात. एकाच सांध्यात फिरणे आणि सरकणे या दोन्ही गती असणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. शिवाय उजवा व डावा सांधा एकाच हाडाने जोडलेले असल्याने एकाची हालचाल दुसऱ्यावाचून होऊ शकत नाही. एका बाजूचा सांधा अडखळला की तोंड उघडताना हनुवटी त्या बाजूला वळते ती यामुळेच.

प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारणतः ४० ते ५५ मिलिमीटर उघडते. घरच्या घरी पाहण्याची सोपी खूण म्हणजे स्वतःच्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी ठेवून वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये जावीत. दोनच बोटे जात असतील तर तोंड उघडण्यास मर्यादा आली आहे असे समजावे.

जबडा मिटण्याचे काम गालातील मॅसेटर, कानशिलावरील टेम्पोरालिस आणि आतील बाजूचा मध्य टेरिगॉइड हे स्नायू करतात. पुढे सरकविण्याचे काम पार्श्व टेरिगॉइड करतो. विश्रांतीच्या अवस्थेत ओठ मिटलेले असले तरी वरच्या व खालच्या दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. दात एकमेकांवर टेकलेले असणे ही नैसर्गिक स्थिती नव्हे, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. चावताना व गिळताना होणारा दातांचा स्पर्श दिवसभरात एकूण काही मिनिटांचाच असतो. वाचताना, उत्तरपत्रिका तपासताना किंवा संगणकापुढे बसलेले असताना जो नकळत दात आवळून धरतो, तो स्नायूंना तासन्‌तास विश्रांतीवाचून राबवीत असतो.

सांधा व चर्वणस्नायू यांच्या संवेदना त्रिशाखी मज्जातंतूच्या शाखांद्वारे मेंदूकडे जातात. याच मज्जातंतूचे तंतू दात, कानाचा पुढील भाग व कानशील येथेही पसरलेले आहेत. त्यामुळे स्नायूतील वेदना दातात किंवा कानात जाणवते आणि निरोगी दाढ काढून टाकण्याची चूक घडू शकते.

४. विकारांचे प्रकार

'जबड्याच्या सांध्याचा विकार' हे एका आजाराचे नाव नसून अनेक अवस्थांचा समूह आहे. त्यांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात.

(अ) स्नायूंची वेदना : हा सर्वाधिक आढळणारा प्रकार. गाल वा कानशील दाबल्यावर, तसेच चावताना दुखते. सकाळी उठताच जबडा जड वाटणे हे झोपेत दात खाण्याच्या सवयीशी निगडित असू शकते.

(आ) चकती सरकणे : चकती जागेवरून पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना ती पुन्हा टोकावर येते, त्या वेळी 'कट्‌' असा आवाज होतो. काही रुग्णांत चकती परत जागेवर येत नाही. तेव्हा आवाज थांबतो, पण तोंड उघडणे एकाएकी मर्यादित होते. यास जबडा अडकणे म्हणतात.

(इ) सांध्याची झीज व दाह : अस्थिसंधिवातात सांध्यात खरखर जाणवते. आमवातासारख्या सार्वदेहिक आजारातही हा सांधा बाधित होतो.

(ई) सांधा निखळणे : मोठी जांभई किंवा दीर्घकाळ चाललेले दंतोपचार यांनंतर टोक उंचवट्याच्या पुढे जाऊन अडकते आणि तोंड मिटत नाही. ही अवस्था प्राचीनांना परिचित होती. इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये निखळलेला जबडा बसविण्याची कृती आहे. चरकसंहितेच्या वातव्याधी चिकित्सेत हनुग्रहाचा विचार असून, उघड्या राहिलेल्या जबड्यास शेक देऊन अंगठ्यांनी दाबावे व बोटांनी हनुवटी वर उचलावी, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत सांधा बसविल्यानंतर पंचांगी बंध बांधण्याचा निर्देश आहे. आजही अंगठ्यांनी खाली दाब देऊन जबडा मागे सरकविणे हेच तत्त्व वापरले जाते. मात्र ही कृती प्रशिक्षित व्यक्तीनेच करावयाची असते.

(उ) सांधा जखडणे : बालपणी हनुवटीवर पडून झालेला मार किंवा कानाचा दुर्लक्षित संसर्ग यांमुळे टोक व खळगा हाडानेच जोडले जातात. मुलाचे तोंड उघडत नाही, खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत जाते आणि झोपेत श्वास अडखळू शकतो. हनुवटीवर पडलेल्या मुलाच्या जखमेला टाके घालून त्याला घरी पाठविण्यापूर्वी सांध्याची तपासणी होणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सांध्यातील आवाजाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करावयास हवी. कोणतीही तक्रार नसलेल्या व्यक्तींची एमआरआय तपासणी केली असता सुमारे एक तृतीयांश जणांत चकती सरकलेली आढळते. वेदना नाही, तोंड पुरेसे उघडते आणि केवळ आवाज येतो, अशा अवस्थेस उपचारांची गरज नसते. छायाचित्रातील दोष आणि माणसाचे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. कारणविचाराचा इतिहास

अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली ११ रुग्णांच्या आधारे एक लेख प्रसिद्ध केला. मागच्या दाढा गेल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, टोक मागे सरकून मज्जातंतू व कानाची रचना दाबली जाते आणि त्यातून कानाच्या व डोक्याच्या तक्रारी उद्भवतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हॅरी सिशर यांनी १९४८ मध्ये शरीररचनेच्या आधारे असा दाब शक्य नसल्याचे दाखविले. तथापि, दोष दातांच्या मिळणीत आहे ही कल्पना दंतवैद्यकात रुजली आणि दात घासून मिळणी 'दुरुस्त' करण्याचा प्रघात पडला.

या कल्पनेला पहिला मोठा छेद शिकागो येथील डॅनिएल लास्किन यांनी दिला. बहुसंख्य रुग्णांत मूळ सांध्यात नसून स्नायूंच्या थकव्यात व ताणात आहे, असे त्यांनी १९६९ मध्ये मांडले. त्यांच्या गटाने १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विशेष उद्बोधक आहे. २५ रुग्णांच्या दातांची मिळणी सुधारल्याचा केवळ देखावा करण्यात आला. प्रत्यक्षात दात घासलेच नाहीत. तरीही १६ रुग्णांची वेदना पूर्णतः किंवा जवळजवळ पूर्णतः थांबली. या निष्कर्षाचा अर्थ रुग्णांची वेदना खोटी होती असा नव्हे. आश्वासन, अपेक्षा आणि काळ यांचा वेदनेवर खरा परिणाम होतो आणि उपचारानंतर बरे वाटले म्हणून उपचारामागील सिद्धांत खरा ठरत नाही, असा त्याचा अर्थ आहे. पद्धतिशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला हा धडा उपयुक्त वाटेल.

१९७० च्या दशकात लक्ष चकतीकडे वळले आणि सरकलेली चकती शस्त्रक्रियेने काढण्याचे प्रमाण वाढले. तिच्या जागी बसविण्यासाठी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील व्हायटेक या कंपनीच्या प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या रोपणास १९८३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. जबड्याच्या भाराखाली हा पदार्थ झिजला. त्याच्या कणांमुळे तीव्र प्रतिक्रिया होऊन आजूबाजूचे हाड विरघळू लागले. हजारो रुग्णांमध्ये ही रोपणे बसविली गेली होती. १९९० च्या सुमारास प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि रोपणे परत मागविली गेली. कंपनी दिवाळखोरीत निघाली. अनेक रुग्णांना त्यानंतर वारंवार शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले. सौम्य उपचारांनी बरा होऊ शकणारा विकार उपचारांमुळेच असाध्य झाल्याचे हे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

६. आजची कारणमीमांसा

अमेरिकेत २००६ पासून राबविण्यात आलेल्या 'ऑपेरा' या अभ्यासात हा विकार नसलेल्या सुमारे २,७०० प्रौढांचा पाठपुरावा करण्यात आला. दरवर्षी त्यांपैकी शेकडा सुमारे ४ जणांना तो नव्याने जडला. कोणाला जडेल याचे संकेत दातांच्या मिळणीने दिले नाहीत. शरीरात इतरत्र असलेली दुखणी, डोकेदुखी, विस्कळीत झोप, जबड्यास झालेली इजा, दात आवळण्यासारख्या सवयी व मानसिक ताण यांनी ते दिले. विकार नव्याने जडण्याच्या प्रमाणात स्त्री-पुरुष अंतर अल्प आढळले. परंतु दीर्घकाळ वेदना टिकून राहणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक असते.

यावरून जैविक, मानसिक व सामाजिक घटकांची एकत्रित चौकट आज स्वीकारली गेली आहे. वेदना ३ महिन्यांहून अधिक काळ टिकली की मज्जासंस्था स्वतःच अधिक संवेदनशील होते आणि सौम्य स्पर्शही दुखू लागतो. मानसिक घटकांचा उल्लेख म्हणजे 'दुखणे मनाचे आहे' असा शेरा नव्हे, हे रुग्णास व त्याच्या कुटुंबीयांस समजावून सांगणे उपचाराचाच भाग आहे.

७. निदान आणि त्यातील दक्षता

निदानासाठी १९९२ मध्ये संशोधनाकरिता निकष तयार झाले व २०१४ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती चिकित्सेसाठीही उपलब्ध झाली. यात दोन अक्ष आहेत : पहिला शारीरिक निदानाचा आणि दुसरा वेदनेची तीव्रता, चिंता, नैराश्य व दैनंदिन कामातील अडथळा यांच्या मोजमापाचा. दाबल्यावर दुखते एवढे पुरेसे नसून ती वेदना रुग्णाच्या 'ओळखीची' असावी लागते, ही अट महत्त्वाची आहे. निदान मुख्यतः विचारपूस आणि हाताने केलेली तपासणी यांवर होते. प्रत्येक रुग्णास एमआरआयची आवश्यकता नसते.

पुढील अवस्था मात्र वगळणे अत्यावश्यक आहे.

१) श्रमाने वाढणारी व विश्रांतीने थांबणारी जबड्याची वेदना हृदयविकाराची असू शकते.

२) वयाच्या पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची वेदना, चावताना जबडा भरून येणे आणि दृष्टी अंधुक होणे ही शंखधमनीच्या दाहाची लक्षणे असू शकतात; विलंब झाल्यास दृष्टी जाते.

३) विजेच्या झटक्यासारखी क्षणिक कळ त्रिशाखी मज्जातंतूच्या विकाराची द्योतक असते.

४) जखमेनंतर बसलेली दातखीळ धनुर्वाताची असू शकते. ताप व सूज यांसह तोंड उघडेनासे झाल्यास अक्कलदाढेच्या संसर्गाचा विचार करावा.

५) बधिरता, वाढती गाठ किंवा कारणाविना घटणारे वजन असल्यास कर्करोगाची तपासणी व्हावी.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एका आजाराचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साठून ते ताठर होते. यास मुखतंतुमयता म्हणता येईल. भारतात त्याचे वर्णन १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी केले आणि १९६६ मध्ये डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग व मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी त्याचा सविस्तर परामर्श घेतला. यात तिखट पदार्थांनी तोंडाची आग होते, अस्तर पांढुरके व घट्ट होते आणि तोंड हळूहळू कमी उघडते; सांधा मात्र सहसा दुखत नाही. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली असली तरी सुपारीचे सेवन थांबलेले नाही. तीन बोटे तोंडात न जाणाऱ्या तरुणाच्या बाबतीत सांध्याचा विचार करण्यापूर्वी त्याच्या गालाच्या आतील भागाला बोट लावून पाहणे, ही महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत सहज करता येणारी गोष्ट आहे.

८. उपचार

८.१ स्वयंदक्षता

अनेक रुग्णांची वेदना काही आठवड्यांत साध्या उपायांनी कमी होते. 'ओठ मिटलेले, दात सुटे' हे पहिले सूत्र होय. 'न'चा उच्चार करताना जीभ जेथे टेकते, तेथे तिचे टोक हलकेच ठेवल्यास दात आपोआप सुटे राहतात. दिवसातून ठराविक वेळी, उदाहरणार्थ तासिकेची घंटा होताच, दात आवळलेले आहेत काय हे पाहण्याची सवय लावता येते. ऊस सोलून खाणे, चिक्की, सुपारी, कडक भाकरी व च्युइंगम काही काळ वर्ज्य करावे. मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी चालते. जांभई देताना जीभ टाळूला लावून ठेवावी अथवा हनुवटीखाली हाताचा आधार द्यावा. दुखऱ्या स्नायूंवर १५ ते २० मिनिटे ओला गरम शेक दिल्यास आराम पडतो. तोंड पूर्णतः बंद ठेवून विश्रांती घेणे मात्र हितावह नाही. त्यामुळे ताठरता वाढते. वेदनेच्या मर्यादेत राहून सावकाश हालचाल सुरू ठेवावी.

८.२ पुराव्यांवर आधारित उपचार

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने दीर्घकालीन वेदनेसाठी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतील ठाम शिफारशी अशा आहेत : विचार व वर्तनावर काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती, प्रशिक्षित व्यक्तीकडून केली जाणारी जबड्याची हालचाल, स्नायूंतील दुखऱ्या बिंदूंवर हाताने दाब, देखरेखीखालील जबड्याचे व शरीरस्थितीचे व्यायाम आणि माहिती, आश्वासन व घरी करावयाचे व्यायाम यांचा समावेश असलेली नेहमीची काळजी. याउलट दातांची मिळणी बदलणारे कायमस्वरूपी मुखपट्ट, चकती काढण्याची शस्त्रक्रिया आणि दाहशामक औषधांसह अफूजन्य औषधे यांच्या विरोधात ठाम शिफारस आहे. बोट्युलिनम इंजेक्शन, लेझर, सांधा धुणे आणि काढता येणारी मुखपट्टी यांचा दीर्घकालीन वेदनेवरील लाभ अनिश्चित वा अल्प मानून त्यांच्या विरोधात सौम्य शिफारस करण्यात आली आहे.

येथे तारतम्य आवश्यक आहे. रात्री वापरावयाची काढता येणारी मुखपट्टी दात खाणाऱ्या व्यक्तीच्या दातांचे झिजण्यापासून रक्षण करते. त्यासाठी तिचा वापर योग्यच आहे. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने थोडे दिवस घेता येतात. तसेच वरील शिफारशी दीर्घकालीन वेदनेपुरत्या आहेत. सांधा जखडणे, अस्थिभंग, गाठ किंवा वारंवार निखळणारा सांधा यांना त्या लागू होत नाहीत. जखडलेला सांधा शस्त्रक्रियेनेच मोकळा करावा लागतो व त्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम अनेक महिने चिकाटीने करावा लागतो, अन्यथा सांधा पुन्हा जखडतो.

८.३ कोणाकडे जावे?

दंत महाविद्यालयांतील मुखवैद्यक विभाग हा या रुग्णांसाठी योग्य पहिला टप्पा आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालयात ही सोय आहे. भौतिकोपचारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांचे सहकार्य आवश्यकतेनुसार घ्यावे.

९. निष्कर्ष

१) जबड्याच्या सांध्याचे विकार अनेक प्रकारचे असून त्यांत स्नायूंची वेदना सर्वाधिक आढळते.

२) वेदनेवाचून येणारा सांध्याचा आवाज हा आजार नव्हे.

३) दातांची सदोष मिळणी हे मूळ कारण असल्याचा सिद्धांत पुराव्यांच्या कसोटीला उतरलेला नाही. झोप, ताण, सवयी व अन्य दुखणी यांचा वाटा अधिक आहे.

४) उपचारांचा आरंभ उलटविता येण्याजोग्या सौम्य उपायांनीच करावा. दात घासण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घेणे रुग्णाच्या हिताचे आहे.

५) तोंड कमी उघडणाऱ्या तरुणांत सुपारी व गुटख्याच्या सेवनाची चौकशी झालीच पाहिजे.

कॉस्टन यांच्या लेखापासून प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या रोपणापर्यंतच्या वाटचालीत वैद्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. उणीव होती ती पुराव्याची वाट पाहण्याच्या संयमाची. ज्या विकारात बहुतेकांना माहिती, व्यायाम आणि धीर यांनी आराम पडतो, तेथे हा संयम हाच उपचारातील पहिला व सर्वांत कमी खर्चाचा घटक ठरतो.